साडूंची थ्री-नॉट-थ्री

"स्टॉप! स्टॉप! बोट काढ! चापावरचं बोट काढ आधी!"

ओरडणारी बाई चार फूट दहा इंच उंच, सत्तरीपार, अंगात हिरवा फ्लीस, आणि गळा असा की पलीकडच्या शेतातल्या मेंढ्या अजूनही जागच्या हलल्या नसतील. ती आमच्या रायफल क्लबची रेंज ऑफिसर. तिच्या शिट्टीशिवाय रेंजवर माशीसुद्धा बसत नाही. ओरडत होती ती माझ्यावर. मी चटईवर पालथा पडलेला, गाल लाकडी दस्त्याला चिकटलेला, एक डोळा मिटलेला, रायफल भरलेली. रायफल माझी नव्हे, साडूंची. वयानं आमच्या दोघांच्याही वडिलांपेक्षा थोर.

मी बोट काढलं म्हणणं खोटं होईल. बोटानं स्वतःच पळ काढला.

आता साडूंविषयी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान लेस्टरच्या एका हॉस्पिटलात हेल्थ अँड सेफ्टीत आहेत. फरशी ओली असल्याच्या पिवळ्या पाट्या मांडायच्या आणि त्या पाट्यांना अडखळून कुणी पडलं की चौकशी करायची, असं दुहेरी खातं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गार्डनमध्ये बार्बेक्यू होता, तर पनीरच्या तुकड्याला हात लावण्याआधी आम्हा अकरा जणांच्या रिस्क असेसमेंटवर सह्या घेतल्या. जिनं चटणी केली तिची वेगळी.

त्यांना रायफलीचं वेड लावलं मीच. एकदा जेवताना मी सांगितलं की दोनशे यार्डांवरून मी पेनीवरच्या राजाची पापणी उडवतो. (अंतर पन्नास यार्ड, आणि राजाऐवजी पुठ्ठा. पण ताटावर बसून कोण मोजतं?) मेव्हणीबाई म्हणाल्या, "बघा, भाऊजी काहीतरी करतात तरी!" झालं. साडूंनी रायफलीच्या परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांकडून एक मुलगी घरी येऊन गॅरेजमधलं लोखंडी कपाट हलवून बघून गेली. कपाटाची किल्ली कुठे असते हे बायकोलाही कळता कामा नये, असं तिनं बजावलं. साडूंच्या तीस वर्षांच्या संसारात कायदा त्यांच्या बाजूनं उभा राहिल्याचा हा पहिला प्रसंग.

आणि मग त्यांनी घेतली ती नवी रायफल नव्हे. लष्करानं मोडीत काढलेली थ्री-नॉट-थ्री.

"साडू, ही चालवायला सेफ आहे का?" मी विचारलं.

"अहो साडूभाऊ, हिनं महायुद्ध जिंकलंय!"

"महायुद्ध जिंकलेल्यांपैकी जे कोणी उरलेत, त्यांना आपण जिना तरी चढायला लावतो का?"

"तुमच्या टोस्टरला दोन वर्षांची गॅरंटी. हिला अख्ख्या साम्राज्याची!"

"साम्राज्य कुठाय?"

साडूंनी रायफलीवरून हात फिरवला. ते असे प्रश्न ऐकत नाहीत. ज्या रायफली एके काळी आपल्या आजोबांच्या छातीवर रोखलेल्या होत्या, त्यांचं लाकूड त्या आजोबांचेच नातू आता जवसाच्या तेलानं चकाकवत बसतात, याला प्रगती म्हणायचं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. क्लबातले गोरे म्हातारेही तेच करतात, पण त्यांचे आजोबा रायफलीच्या निदान मागच्या बाजूला तरी होते.

मी पस्तीस वर्षं बर्मिंगहॅमला बसच्या वर्कशॉपमध्ये काढली. जुन्या लोखंडाचं मला भय नाही. लोखंड एवढ्यात दगा देत नाही, भीती असते ते उघडून पुन्हा जोडणाऱ्याची. युद्ध संपल्यावर या रायफली ढिगानं सुट्या केल्या गेल्या आणि ढिगातूनच पुन्हा जोडल्या गेल्या. एकीचा बोल्ट दुसरीला. म्हणून बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर पत्रिकेसारखे ताडून बघायचे. बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांत केसभर फट जास्त राहिली, तर काडतूस फाटतं आणि आतली आग पुढे जायच्याऐवजी मागे तुमच्या तोंडावर येते. हे सगळं मी साडूंना सांगितलं आणि त्यांना ओढत बर्मिंगहॅमच्या एका गनस्मिथकडे नेलं.

त्या माणसानं पोलादी गेज घालून फट मोजली, नंबर ताडले, दस्त्याला भेगा आहेत का ते बघितलं, नळीत दिवा धरला. शेवटी म्हणाला, "चांगली आहे. काडतुसं नवी घ्या, युद्धातली नको. आणि नळी स्वच्छ ठेवा."

"बघा!" साडू म्हणाले. साडू तीन आठवडे तेच म्हणत होते.

मग आली खंडेनवमी.

लेस्टरमधल्या मराठी घरांत खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा होते, कारची होते, एकीनं एअर फ्रायरची केलेली मी पाहिली आहे. खरंखुरं शस्त्र असलेलं घर एकच. साडूंनी सात कुटुंबं बोलावली. पुढच्या खोलीत पाटावर रायफल उभी केली, नळी वर, मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या राहिल्या. हळद-कुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. मी त्या वेळी किचनमध्ये श्रीखंडाच्या बंदोबस्ताला होतो, त्यामुळे पुढचं मला मागाहून कळलं.

झालं असं. साडूंना वाटलं, पूजाही होऊ दे आणि आतून गंजही नको. म्हणून त्यांनी रेडिएटरवर पातळ केलेलं खोबरेल नळीत वरून ओतलं. रायफल तासाभरापूर्वी गॅरेजमधून आलेली, बर्फासारखी गार. या देशात आपलं खोबरेल सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत बाटलीत दगड होऊन बसतं हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. तेल अर्ध्या वाटेतच थिजलं. त्यावर सात कुटुंबांनी, लग्नात टाकतात तशा उत्साहानं, अक्षता टाकल्या. नेम कुणाचाही चुकला नाही. आमच्या समाजात एवढे नेमबाज आहेत हे तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही रेंजवर.

"नळीतून बघितलंत ना?" मी विचारलं.

"चेक्ड," साडू म्हणाले. पनीरसाठी सह्या घेणारा माणूस. मी विश्वास ठेवला. "आणि पहिली गोळी तुम्ही झाडायची, साडूभाऊ. मान तुमचा."

मी फुललो. मानाचं नाव काढलं की आपला माणूस विहिरीतही उतरेल. मी आडवा झालो, बोल्ट पुढे ढकलला, नळी जराशी खाली झुकवली आणि टोकातून चार पिवळे तांदूळ चटईवर पडले. मला ते दिसले नाहीत. बाईंना दिसले.

बाईंनी काडतूस काढून घेतलं, बोल्ट काढला, मागून सळई घातली. सळई अडली. दोघांनी मिळून रेटल्यावर नळीतून बोटभर लांबीची, पिवळीधमक, कुंकवाच्या ठिपक्यांची वडी बाहेर आली. अख्खा क्लब चहाचे मग घेऊन गोळा झाला.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"रिलिजस," साडू म्हणाले.

"बॅरलमध्ये?"

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

बाई मग माझ्याशी बोलल्या, आवाज खाली आणून, आणि तो खालचा आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त लागला. "समोर वाट बंद असली की नळी फुगते आणि फाटते. तुझा डावा हात कुठे होता? नळीखाली. डोळा कुठे होता?" त्यांनी हातानं वीतभर अंतर दाखवलं. साडूंना तिथल्या तिथे रेंजबंदी झाली, सेफ्टीचा क्लास पहिल्यापासून पुन्हा करेपर्यंत.

परत येताना गाडी साडू चालवत होते. माझा डावा हात मी मांडीवर ठेवला होता आणि तीन जंक्शनं त्याची पाचही बोटं पुन्हा पुन्हा मोजत होतो.

"साडू," मी म्हटलं, "तुमची रायफल, तुमची पूजा, तुमची हौस. मग पहिली गोळी मला का दिलीत?"

साडूंनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, लेन बदलली.

"मला जरा डाउट होता," ते म्हणाले.