पंगतीची सीडी

धाकट्या बहिणीच्या लग्नाला मोठी आई आली नाही. मोठी आई म्हणजे आमच्या आईची थोरली बहीण. राहायची गडचिरोलीकडे, धानाच्या गावात. लग्न तोंडावर असताना ती पडली आणि मांडीचं हाड मोडलं. पण लग्नासाठी वर्षभर राखून ठेवलेला जुना तांदूळ तिने चंद्रपूरला पाठवला.

नंतर मी तिला भेटायला गेले, तर तिचा एकच प्रश्न. "भात कसा झाला?"

"चांगला झाला."

"सारे तेच म्हनतेत. माही जाऊ लग्नात जेवून आली, ते गावभर सांगते का भाताचा गिचका झाला म्हनून. माहा तांदूळ तसा नाई. मले पाहू दे, मंग मानीन."

फोटोवाल्याने दिलेली लग्नाची सीडी तिने पाहिली होती. त्यात नवरानवरी गुलाबाच्या पाकळ्यांतून सारखी येत-जात होती. पंगत मात्र दिसली न दिसली तोच संपली. मी त्याच्या दुकानात जाऊन पंगतीचं न कापलेलं चित्रण मागितलं.

"पंगत कोन पाहते, ताई?" दुकानदार म्हणाला. पण त्याने फाइल सीडीवर टाकून दिली. घरच्या कॉम्प्युटरवर ती चालली, म्हणून तीच घेऊन मी बसने गावाला गेले. तिथल्या प्लेअरने ती ओळखलीच नाही.

"चंद्रपूरवरून कोरी थाळीच आनली का वं?" मोठी आई म्हणाली.

कॉम्प्युटरला चालणारी फाइल वेगळी आणि टीव्हीखालच्या प्लेअरला लागणारी सीडी वेगळी, हे मला तेव्हा कळलं. एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीत हे काम करणारं फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं. सगळं इंग्रजीत, विचारायला कोणी नाही. एकेक बटण दाबून पाहिलं. फाइल बदलायला अर्धा दिवस लागे, आणि मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मग लोडशेडिंगची वेळ पाहून, लाईट आल्या आल्या काम लावायचं आणि आपण स्वयंपाकाला लागायचं, असं ठरवून टाकलं. सीडी तयार होत असताना घरात कोणी माउसला हात लावायचा नाही. वेगही सगळ्यात कमी ठेवायचा, कारण जुने प्लेअर घाईने केलेली सीडी वाचत नसत. बिघडलेल्या सीड्या परसात वांग्यांवर टांगल्या, पाखरं हुसकवायला.

चित्रण कुठून कुठवर घ्यायचं ते ठरवताना मला पंगत नीट पाहावी लागली. लग्नाच्या दिवशी कोणाला सवड होती? पहिल्या पंगतीला बादलीतून भात मोकळा पडत होता. दुसऱ्या पंगतीला गोळे पडत होते. वाढपी पळी ताटावर आपटून ते सोडवत होता. जाऊ खोटं बोलली नव्हती.

दुसरी पंगत उडवणं सोपं होतं. मोठ्या आईला बरं वाटलं असतं. पण बरं वाटेल असं काही तिने मागितलंच नव्हतं. ते तर सगळे तिला आधीच देत होते. दोन्ही पंगती ठेवल्या.

या वेळी प्लेअरवर चित्र आलं. मोठी आई खाटेवर उशीला टेकून पाहत होती. पहिली पंगत उठली. दुसरी बसली तशी पुढे वाकली.

"थांबव."

मी थांबवलं. पडद्यावर पळीला भाताचा गोळा लटकलेला.

"चुलीवर भाताचे गंज दोन चढले होते का?"

"हो, मोठे दोन गंज होते. दुसरा मागून उतरवला."

"पहिला मोकळा, दुसरा गिचका. तांदूळ तर एकच. मंग काऊन झालं असं?"

"पाणी जास्त झालं असेल."

"पानी कोनाचं?"

"आचाऱ्याचं."

"हां." ती पुन्हा उशीला टेकली. "जा, माह्या जावेले बोलावून आन. अन् हे पहिल्यापासून लाव."