भेगेवरची काच

इटलीतल्या त्या डोंगरावरच्या गावात जुन्या दगडी भिंतींना भेगा गेल्यात, आणि प्रत्येक भेगेवर बोटभर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवलेली आहे. डोंगर सरकला की आधी काच तडकते. दगडांनी इतक्या पिढ्या सांभाळलेलं गाव आता काचेच्या जिवावर झोपतं, हे काही मनातून जाईना.

माझा मुक्काम होता त्या घराच्या मालकीणबाईंनी दुपारी जेवताना वाईन मातीच्या पेल्यात दिली.

"काचेचे पेले नाहीत?" मी सहज विचारलं.

"या गावात कुणाकडेच नाहीत," त्या म्हणाल्या. "काच फुटल्याचा आवाज आला, तर तो कशाचा हे विचारावं लागू नये."

मला हसू आलं.

जेवण अर्ध्यावर असताना बाहेर कुठेतरी बारीकसं खळकन वाजलं. गल्लीतल्या सगळ्या घरांतले चमचे एकदम थांबले.