अर्धं ठेव रे

आमच्या बाई कुठलीही गोष्ट पुरती संपवत नसत. परळच्या प्रयोगशाळेत त्या माझ्या पीएचडीच्या गाईड. नवी औषधं शोधण्यात त्यांची हयात गेली. आम्ही बनवलेल्या प्रत्येक पदार्थाची अर्धी पूड चाचणीला जाई आणि अर्धी बाटलीत बंद होऊन त्यांच्या फ्रीजरमध्ये. "अर्धं ठेव रे, घाईत माणूस चुकतो," हे त्यांचं पालुपद. चहासुद्धा त्या अर्धाच पीत, उरलेला झाकून ठेवत आणि दुपारी तो थंडगार चहा मिटक्या मारत संपवत. बघूनच माझ्या अंगावर काटा येई.

ही सवय त्यांच्या नायगावच्या बीडीडी चाळीतली. वडील गिरणीत दुसऱ्या पाळीला. ते येईपर्यंत ताटातलं अर्धं झाकून ठेवायचं, असा घरचा नियम. मी पडलो शिवाजी पार्कचा. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर, मला काही मेडिकलला प्रवेश मिळाला नाही. पण तोरा मात्र सर्जनचा. झाकून ठेवायची आमच्या घरात पद्धतच नव्हती, मिरवायची होती.

तर झालं असं, की माझ्या पहिल्याच बॅचने क्षयाचे जंतू साफ आडवे केले. मी तडक दादरला जाऊन पेढे आणले आणि वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाटले. बाईंपुढे बॉक्स धरला, तर म्हणाल्या, "आधी पुन्हा होतंय का बघ. मग खाईन."

दुसरी बॅच मी जीव ओतून बनवली. अगदी शुद्ध, पांढरीशुभ्र. जंतू ढिम्म हलेनात! उलट बाळसं धरल्यासारखे वाढले. संतापून मी पहिल्या बॅचची माझ्याकडे उरलेली पूडही कचऱ्यात टाकून दिली. त्या दिवसापासून अख्खा मजला मला 'पेढेवाले' म्हणू लागला.

बाई रागावल्या नाहीत. फ्रीजर उघडून त्यांनी पहिल्या बॅचची अर्धी पूड माझ्यापुढे ठेवली. "हे घ्या, पेढेवाले. तुझ्या पदार्थाने काही केलेलं नाही. जे काही केलं, ते पहिल्या बॅचमध्ये चुकून राहिलेल्या कचऱ्याने. आता तो कचरा कोण आहे ते शोध."

तो शोधता शोधता माझं टक्कल पडलं. त्याच कचऱ्यातून नवा रेणू हाती लागला आणि गेल्या वर्षी औषधी रसायनशास्त्राचा मोठा पुरस्कार मला मिळाला. मानपत्रात माझ्या 'दूरदृष्टी'चं कौतुक होतं. दूरदृष्टी! भाषणात मी ही सगळी हकिकत सांगितली, तर लोकांना तो माझा विनय वाटला. बाई आजारी होत्या, समारंभाला येऊ शकल्या नाहीत. मला टाळ्या गोड लागेनात. बाईंनी माझा पेढा खावा, एवढंच मला इतकी वर्षं हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी पदक आणि पेढे घेऊन मी नायगावला गेलो. चाळीच्या जागी टॉवर झालाय, त्यातल्या नव्या घरात बाई खिडकीशी पडून होत्या. पदक हातात घेऊन म्हणाल्या, "जड आहे रे. पण औषध झालं का?"

"नाही बाई. अजून उंदरांवरच आहे."

"मग पेढे उंदरांना दे की!"

पन्नाशीचा घोडा मी, पण माझा चेहरा पडला. बाईंना तो दिसला. "आण इकडे," म्हणाल्या. एका पेढ्याचे दोन तुकडे केले आणि एक हळूहळू खाल्ला. "चांगला आहे. तूही चांगला आहेस, फक्त फार लवकर हुरळतोस." दुसरा तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "हा ठेव. तुझ्या औषधाने एखादा माणूस बरा झाला की घेऊन ये."

पुढच्याच महिन्यात बाई गेल्या. अंत्यविधीला त्रिसरण सुरू झालं आणि मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

तो अर्धा पेढा आमच्या फ्रीजरमध्ये मटारामागे आहे. "अहो, दगड झालाय त्याचा, टाकू का?" असं बायको विचारते आणि मी तिच्यावर खेकसतो. औषध आता उंदरांच्या पुढे सरकलंय, माणसांवरच्या चाचण्या सुरू होतायत. मी हुरळलेलो नाही, बाई, शपथ. पण उद्या एखादा माणूस खरंच बरा झाला, तर हा अर्धा पेढा घेऊन मी कुणाकडे जाऊ?