फाटक लागलेली पायवाट

नवेगाव बांधच्या तळ्याकाठच्या जंगलात मी दर उन्हाळ्यात फिरायला जातो. वाट दाखवायला नेहमी तिथला तोच एक गाईड असायचा. पुढे झपझप चालायचा आणि मागे न बघता बोलायचा. कोणी उगाच एखादं पान तोडलं की थांबून विचारायचा, "कायले तोडलं जी?" उत्तर मिळेपर्यंत पाऊल उचलायचा नाही.

यंदा त्या पायवाटेला फाटक लागलं होतं. आम्हाला आत सोडलं, पण मागून मोहफुलं वेचायला आलेल्या म्हातारीला चौकीदारानं अडवलं. "हे वाट आता पर्यटकांसाठी हाय," तो म्हणाला.

आमचा गाईड गर्रकन परत फिरला. तो चौकीदारावर ओरडला, "या बुढीच्या पायानं पडली हे वाट. अन् तिलेच काऊन अडवून राहिला तू?"

"वरून हुकूम हाय."

त्यानं गळ्यातलं गाईडचं ओळखपत्र काढून चौकीदाराच्या हातात ठेवलं, म्हातारीची टोपली उचलली आणि तिला घेऊन आत निघून गेला.

त्याचं काम गेलं. मी तिथेच उभा होतो, वरपर्यंत ओळखी असलेला, शिकलेला माणूस, आणि चकार शब्द बोललो नाही. त्या फाटकाइतकाच मला माझा संताप येतो.