इंचीने भरलेली फी

माझ्या नणंदेला सगळं गॅरेज ‘इंची’ म्हणतं. उंचीने बेताची आहे हे खरं, पण नाव पडलं ते गळ्यातल्या मोजपट्टीवरून आणि तोंडातल्या एका वाक्यावरून: “इंचभर सोडा, बाकी माझ्यावर सोपवा.” ट्रकच्या सीटा शिवणं हा तिचा धंदा. गॅरेजच्या कडेला एक गाळा, आत जाडजूड मशीन, फोमच्या लाद्या, रेक्झिनचे गुंडाळे. गिऱ्हाईक आलं की आधी त्या पसाऱ्यात हिला शोधावं लागतं.

वीस वर्षं तिने सीटा शिवल्या. ड्रायव्हर लोक अधूनमधून कुरकुरायचे, “ताई, मधली शिवण टोचते हो. चार तासांनी बसवत नाही.” ही फटकन म्हणायची, “शिवण सरळ आहे, तुमचं बसणं वाकडं आहे.” मी तोंडाने तिखट आहे असं माझा नवरा सगळ्यांना सांगत असतो. त्याने एकदा स्वतःच्या बहिणीकडे बघावं.

तर एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ही मला म्हणाली, “वहिनी, मी ट्रक चालवायला शिकणार.”

“डोकं ठिकाणावर आहे का? सदतीस वर्षांची झालीस!”

“अगं, मी शिवलेल्या सीटा कुठे कुठे जाऊन आल्या. समुद्र बघून आल्या, बर्फ बघून आल्या. आणि मी? सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली.”

मला एकदम भरून आलं. भरून आलं की मला राग येतो, म्हणून मी खेकसले, “आणि फी कोण भरणार? तुझा भाऊ?”

खरी अडचण तीच होती. तिच्या जुन्या गिऱ्हाइकाने, एका ट्रान्सपोर्टच्या मालकीणबाईंनी, तिला शब्द दिला होता: दोन महिन्यांनी नवा ट्रक येतोय, तोवर हेवी लायसन्स आणलंस तर गाडी तुझी, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. छोट्या गाडीचं लायसन्स तिच्याकडे होतंच. घोडं अडलं होतं ते ट्रेनिंगच्या फीपाशी.

आम्ही दोघी बँकेत गेलो. तिथला माणूस गोड बोलला आणि पगाराची स्लिप मागितली. इंची म्हणाली, “मालक मी, नोकर मी. कोणी कोणाला द्यायची?” तो हसला आणि फॉर्म परत दिला. मग सरकारी योजना. खिडकीवर कळलं, वयाची अट पस्तीस. “दोन वर्षं आधी यायचं होतंत,” आतली बाई म्हणाली. मी म्हटलं, “दोन वर्षांपूर्वी तुमची ही खिडकी तरी उघडी होती का?” इंचीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. एक बडी कंपनी फी भरायला तयार होती, पण मग तीन वर्षं त्यांच्याकडेच राबायचं. म्हणजे मालकीणबाईंचा ट्रक गेलाच. शेवटी मी माझ्या बांगड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

“घाल त्या परत,” ती म्हणाली. “त्यांची खुळखुळ नसली तर तू घरात कुठे आहेस ते कळत नाही. मला आधी कळायला हवं, पळायला.”

ट्रेनिंग स्कूलमध्ये आम्ही गेलो ते फी हप्त्याने घेतात का एवढंच विचारायला. तिथले मास्तर म्हणजे सहा फूट उंच आणि आवाज त्याहून मोठा. ते म्हणाले, आधी एक चक्कर मारून दाखवा, मग बोलू. रिव्हर्स घेताना इंचीने मागे ठेवलेली दोन्ही पिंपं आडवी केली.

“बाई, डोळे आहेत की बटणं?” मास्तर ओरडले.

माझा पारा चढला होता, पण इंचीचं लक्षच नव्हतं. ती सीटवरून हात फिरवत होती. रेक्झिन फाटलेलं, फोम बसलेला, एक स्प्रिंग डोकं वर काढून बघत होती.

“मास्तर, तुमच्या तिन्ही गाड्यांच्या सीटा नव्या करून देते. सामान माझं, मजुरी माझी. त्या बदल्यात मला शिकवा.”

मास्तरांनी स्प्रिंगकडे पाहिलं. मग बहुतेक स्वतःची पाठ आठवली असावी. “ठरलं,” म्हणाले.

रविवारी मी पण गेले, फोम उचलायला. एरवी गाळ्यावर कसं असतं, ज्याची गाडी तो ड्रायव्हर सीटवर बसतो आणि ही माप घेते. इथे मास्तर म्हणाले, “मला वेळ नाही, तुमचं तुम्ही बघा.” मग ही स्वतःच बसली, मीच पट्टी धरली आणि तिन्ही सीटा तयार झाल्या. काय देखण्या झाल्या होत्या! आम्ही दोघी खुशीत घरी आलो. वीस वर्षांची कारागीर आणि तिची शहाणी वहिनी, दोघींच्याही डोक्यात आलं नाही की माप कोणाचं घेतलं.

सोमवारी सकाळी मास्तर ट्रकमध्ये चढले आणि त्यांचं डोकं खाडकन टपाला आपटलं. गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. बाहेर शिकाऊ मंडळी पोट धरून हसत होती.

“पहिल्यासारखं करून द्या, नाहीतर फी भरा!” कपाळ चोळत मास्तर गरजले.

मी मध्ये पडले. म्हटलं, स्वतः बसायला वेळ नव्हता, आता टेंगूळ मोजायला बरा वेळ आहे! झालं, मास्तर आणखीच भडकले आणि दोन दिवसांची मुदत देऊन निघून गेले. घरी येईपर्यंत इंची गळ्यातली मोजपट्टी गुंडाळत आणि सोडत राहिली. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“वहिनी,” शेवटी ती म्हणाली, “काल त्या सीटवर बसले ना, तेव्हा पहिल्यांदा मला पलीकडचा आरसा पूर्ण दिसला. त्या दिवशी पिंपं मला दिसलीच नव्हती गं. आता सीट खाली केली तर मला शिकता येणार नाही. नाही केली तर ते शिकवणार नाहीत.”

ती जेवली नाही. मीही नाही, आणि नवऱ्याला वाटलं भाजी बिघडली.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गेले तर ही फोम कापत बसलेली. तिन्ही सीटा मास्तरांच्या मापाने खाली घेतल्या. उरलेल्या फोमच्या एकेक इंच जाडीच्या गाद्या शिवल्या, प्रत्येकीला खालून पट्टा आणि बक्कल. एका गाडीला चार. ज्याला जितके इंच कमी पडतात, त्याने तितक्या गाद्या बांधाव्यात.

मास्तरांनी हाताची घडी घालून सगळं बघितलं. मग रिव्हर्सला रोज शिव्या खाणाऱ्या एका काकांना त्यांनी तीन गाद्या देऊन बसवलं. काकांनी ट्रक दोन पिंपांच्या मधून अलगद मागे नेला. दुसऱ्या एका ठेंगण्या मुलीनेही नेला.

“इतकी वर्षं मी यांना आंधळे म्हणत आलो,” ते हळूच म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, “बाई, चढा! वेळ कशाला घालवताय?”

लायसन्सच्या परीक्षेला मी आणि मास्तर दोघंही गेलो होतो. तिथली गाडी ऑफिसची, सीट खोल. इंची आपल्या चार गाद्या बगलेत मारून निघाली तर परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी अडवलं. “बाहेरचं सामान चालणार नाही.” नवा ट्रक चार दिवसांवर आला होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात मास्तर पुढे झाले.

“साहेब, चष्मा लावून आलेल्या माणसाला चष्मा काढून गाडी चालवायला सांगता का?”

साहेबांनी स्वतःच्या नाकावरचा चष्मा सारखा केला आणि हसले. “बांधा,” म्हणाले.

इंची पास झाली, तिथली पिंपं जागची हलली नाहीत. मी मात्र हलले. मास्तरांना मिठी मारणार होते, त्यांच्या छातीपर्यंतच पोहोचले.

नव्या ट्रकची सीट अर्थातच तिनेच शिवली. पहिल्या फेरीला ती पहाटे निघाली आणि दुपारी मला फोन आला. मागे वाऱ्याचा एवढा आवाज की तिला ओरडावं लागत होतं.

“वहिनी, समुद्र दिसतोय!”

“मग रडतेस कशाला?”

“रडत नाहीये. अगं, पाच तास बसलेय. मधली शिवण काय टोचते गं! खरंच टोचते! वीस वर्षं बिचारे सांगत होते आणि मी त्यांनाच वाकडं म्हणत होते.” मग हसायलाच लागली. “आल्यावर सगळ्या उसवते. तू गाळ्यावर पाटी लाव, शिवण बदलून मिळेल, फुकट.”

मी पाटी लावली. अक्षर माझं, तेवढं जरा वाकडं आलंय.