थांबून बोलणाऱ्यांची मुदत

आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवरची, बाहेरची ये-जा तपासणारी फायरवॉल प्राचार्यांनी नारळ फोडून सुरू केली. तेव्हापासून, घर सोडून गेलेल्या लेकीशी कॉलेजच्या संगणकावर टाइप करून चाललेलं माझं बोलणं मधेच तुटायचं.

जालन्याहून एसटीने आलेला दुरुस्तीवाला पडद्यावर बोट ठेवून एकेक नियम पुटपुटत वाचत होता. चहा दोनदा गार झाला.

“सर, समोरचं माणूस थांबून थांबून बोलतं का?”

“मुलगी आहे.”

“मंग बराबर. दोन मिनटं कुणी गप्प बसलं, की याला वाटतं बोलणं संपलं. विसरून जातं. गप्प बसायची मुदत वाढवतो. किती ठेवू?”

त्याने माझ्याकडे न बघता दिवसभराची ठेवली. एवढी वाट मी तिची कधीच पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक वीस मिनिटं गप्प होती. मग अक्षरं उमटली, “आई कशी आहे?”