झाकणबाईचा कोरा कोपरा

९ ऑगस्ट, शुक्रवार. नळवाला आजही आला नाही. बेसिनखाली बादली ठेवली. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर सांगितलं. धाकटी चारलाच घरी आली आणि चपला न काढता माझ्या खोलीत शिरली. म्हणाली, "ताई, मार्चची वही काढ."

तिच्याबद्दल नोंद एवढीच आहे. बाकीचं आता लिहिते, कारण धाकटीबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. हे गेल्यापासून माझ्याकडेच राहते. एकतीस वर्षं तिने एका संशोधन संस्थेच्या तळघरात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवला. तळघरात अशासाठी, की वर कोणी दार आपटलं तरी चित्र हलतं.

गाडीच्या धुरातला विषारी वायू निरुपद्रवी व्हावा म्हणून धुराच्या नळीत प्लॅटिनमचे कण बसवलेले असतात. इतके बारीक, की केसाच्या जाडीत वीस हजार ओळीने मावतील. काम करता करता ते एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि निकामी होतात. ते नेमकं कसं घडतं, हे घडत असतानाच बघणं हे तिचं काम. नखाएवढ्या बंद चकतीत कण ठेवायचे, वायू सोडायचा, चारशे अंशांपर्यंत तापवायचं आणि इलेक्ट्रॉनचा झोत टाकून बघत बसायचं. "गार पडलेल्या कणांचे फोटो कोणीही काढतं," असं ती म्हणायची.

घोळ असा, की झोतानेही कण बदलतात. "दुधाकडे बघत बसलं की ते उतू जात नाही. आमच्याकडे उलट. बघत बसलं की उतू जातं." म्हणून प्रत्येक प्रयोगात ती एक कोपरा कोरा राखायची. तिकडे बघायचंच नाही, अगदी शेवटी एक फोटो काढायचा. तिथेही कण मोठे झाले असतील तर करणी वायूची, नाहीतर बघणाऱ्याची. आणि जागेवरून क्षणभर जरी उठायचं झालं, तरी बटण दाबून झोत झाकायचा. त्यावरून ती कोणाचीही भीड ठेवत नसे. साहेबांना म्हणाली होती, "घरी गॅस असाच उघडा टाकून जाता का सर?" सगळे तिला झाकणबाई म्हणत. ती ओ देई.

हे मार्चमध्ये वारले, हॉस्पिटलात. मी धाकटीला तिच्या कामावर फोन केला. ती पोहोचली पाच वीसला. वन्सं दारातच म्हणाल्या, "यंत्राला निजवून आलीस वाटतं?" ती म्हणाली, "तापलेलं टाकून येता येत नव्हतं." मला राग आला नाही. काहीच आलं नाही. कागदावर तीन ठिकाणी सही केली. अक्षर बरं आलं होतं.

त्या दिवशीचा तिचा प्रयोग मात्र सगळ्यांत चांगला निघाला. कोऱ्या कोपऱ्यातही कण मोठे झाले होते. साहेबांचं तीन वर्षांचं काम त्यावर उभं राहिलं. लेख सोमवारी छापायला जाणार होता. आजवर लेखाच्या तळाशी धाकटीचे आभार मानत. या वेळी लेखकांत तिचं नाव होतं, आणि महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती.

शुक्रवारी शेवटची तपासणी करताना तिला यंत्राच्या नोंदीत दिसलं, की १४ मार्चला ३.३८ ते ३.५२ चकतीचा कोरा कोपराच झोताच्या जागी होता.

"फोन वाजला म्हणून मी चालू जागा बाजूला सरकवली," ती सांगत होती. "गडबडीत नेमका कोरा कोपरा समोर आला. झाकलं असेल तर काही बिघडत नाही."

"मग झाकलं असशीलच. तू न झाकता उठशील?"

"यंत्र त्याची नोंद ठेवत नाही. मला आठवत नाही, ताई. तू लिहिलं असशील."

"मी कशाला तुझं यंत्र लिहू?"

"मी एकदा सलग सात वेळा शिंकले, ते लिहिलंस तू."

शाळेत आम्हाला सिस्टर सांगत, झालं तेवढं लिहा, वाटलं ते देवाला सांगा. मी वही काढली. ओळ मला आधी दिसली. पान उलटता आलं असतं. मी वाचलं.

"१४ मार्च, गुरुवार. ३.३० ला हे गेले. ३.३८ ला धाकटीला फोन. ती म्हणाली, एक मिनिट, झाकून येते. मी म्हटलं, थांब, हे गेले. ती काही बोलली नाही. ३.५० ला फोन ठेवला."

"म्हणजे मी गेलेच नाही झाकायला."

"नाही. फोनवरच होतीस."

"बारा मिनिटं? काय बोललो आपण?"

"काही नाही."

तिने जेवणाच्या टेबलापाशी बसून साहेबांना फोन लावला. "सर, झाकणबाई बोलतेय. तो कोपरा कोरा नव्हता." मग बराच वेळ ऐकत राहिली. "नाही सर, शंका नाही. लिहिलेलं आहे... पुन्हाच करावं लागेल. यंत्रावर आपला नंबर आता जानेवारीत. तेव्हा मी नसेन... माझ्या नावाचं तुम्ही बघा."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"लेख मागे घेतो म्हणाले. आणि म्हणाले, शेवटी झाकणबाईनेच झाकण उघडं टाकलं."

"हसले?"

"नाही."

मी चहा ठेवला. तिने तेव्हा चपला काढल्या. वही अजून टेबलावर उघडी होती, ती तिने मिटून माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी ९ ऑगस्टच्या नोंदीखाली लिहिलं: बेसिनखालची बादली भरली. ओतून परत ठेवली.